मावळातील लेणी, गड आणि पाखरे

परदेशच्या प्रवासाचे बेत जुळवून देणाऱ्या मंडळ्यांची सूचनापत्रके अलीकडे मध्यमवर्गीय कुटुंबांतूनही वाचली जाऊ लागली आहेत. त्यांपैकी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाविषयीची पत्रके चाळताना एक गोष्ट विशेष नजरेत भरते. तेथे पक्षिनिरीक्षण आणि प्राचीन अवशेषांचे दर्शन ही दोन्ही एकाच प्रवासात गोवलेली असतात. पहाटे उरुबांबा नदीच्या खोऱ्यातील दाट, धुक्याने भरलेल्या अरण्यात पाखरे पाहावी, आणि ऊन चढले म्हणजे इंका लोकांनी रचलेल्या भिंती, पायऱ्या व पाण्याचे पाट पाहावे, असा तो क्रम. वरवर पाहता ही केवळ प्रवाशांची सोय दिसते. एका तिकिटात दोन कौतुके! परंतु थोडा विचार केला असता त्या सोयीच्या मुळाशी इतिहासाचे एक तत्त्व आहे असे आम्हांस वाटते, आणि ते तत्त्व आपल्या अगदी दाराशी असलेल्या मावळ प्रांतास पेरूइतकेच, किंबहुना अधिकच, लागू पडते. ते कसे, हे दाखविण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम पेरूकडे पाहू. इंकांचे राज्य १५३२ साली स्पॅनिश लोकांनी त्यांच्या राजास काहामार्का येथे पकडले तेव्हापासून ढासळत गेले. परंतु पंधराव्या शतकात डोंगराच्या धारेवर वसविलेले माचू पिच्चू हे नगर विजेत्यांच्या दृष्टीस कधी पडलेच नाही. अरण्याने ते झाकून घेतले. १९११ साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्राध्यापक तेथे पोहोचला, आणि जगाला त्या नगराची वार्ता कळली. मात्र त्याला वर नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा तेथलाच एक शेतकरी होता, व वर काही कुटुंबे जुन्या पायऱ्यांच्या वाफ्यांत पीकही घेत होती, ही गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. १९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक व सांस्कृतिक संघटनेने ह्या स्थळाची जागतिक वारशात नोंद केली, ती नुसते अवशेष म्हणून केली नाही. अवशेष व त्यांभोवतीचे अरण्य ह्या दोहोंची मिळून केली. चारशेंहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदले गेले आहेत. ज्या अरण्याने नगर झाकले त्यानेच ते राखले, तेव्हा एकास वगळून दुसऱ्याचा सन्मान करणे विसंगत झाले असते, हे त्या नोंदीचे मर्म होय.

आता मावळाकडे येऊ. पुण्याहून मुंबईस जाताना वडगाव, कामशेत, मळवली ही स्थानके मागे टाकीत गाडी लोणावळ्यास पोहोचते, तोवर चौसष्ट किलोमीटरांचे अंतर काटले जाते. ह्या एवढ्याशा अंतरात पर्जन्यमानाचा जो पालट होतो तो आश्चर्यकारक आहे. पुण्यास वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास चार हजारांहून अधिक. पुण्याच्या पूर्वेस माळरानावर चंडोल आणि लावे; तर लोणावळ्याच्या ओहोळांत शीळ घालणारा कस्तूर, जो आषाढ-श्रावणातल्या धो-धो पावसात, पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून, शाळा चुकविलेल्या पोरासारखा स्वैर, अर्धवट सोडलेल्या ताना घेत असतो. इंग्रज लोकांनी त्यास शीळ घालणारा शाळकरी असेच नाव दिले आहे. प्रांत एक, परंतु निसर्गाची दोन राज्ये त्यात भेटतात. आणि जेथे अशी दोन राज्ये भेटतात तेथे वाट असते, वाटेवर घाट असतो, घाटावर नाके असते, आणि नाक्यामागे इतिहास असतो.

मावळाची भूमी कशी घडली हे समजल्यावाचून त्याचा इतिहासही समजावयाचा नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालारसाचे थरावर थर साचून दख्खनचे हे पठार झाले. हे थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. कठीण थर कड्याच्या रूपाने उभे राहिले. मऊ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी सपाट पट्टे झाले, ज्यांस आपण माची म्हणतो. माथा सपाट, भोवती ताशीव कडा, कड्याखाली माची, माचीखाली रानाचा उतार, आणि त्याखाली भातखाचरे, अशी प्रत्येक मावळी डोंगराची रचना असते. ह्या एका रचनेतून तीन निरनिराळी बिऱ्हाडे निपजली. माथ्यावर किल्लेदार राहिला, कड्याच्या पोटात भिक्षू राहिला, आणि कड्याच्या कपारीत पाकोळी, पारवा, ससाणा व गिधाड राहिले. भक्कम खडक, अवघड वाट आणि जवळ पाणी, ह्या तिघांच्या गरजा एकच होत्या. लेणे पाहावयास गेलेल्यास पाखरे दिसतात हा योगायोग नाही. दोघांनीही तोच दगड त्याच कारणास्तव पसंत केला आहे.

लेण्यांची साक्ष प्रथम घेऊ. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानतात; कार्ले येथील मोठे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. प्रवेशद्वारापासून मागील भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असा हा दिवाणखाना, सदतीस खांबांनी तोललेला, अखंड डोंगरातून कोरून काढलेला आहे. वैजयंती, म्हणजे बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तो पुरा केला, आणि जंबुद्वीपात ह्यापरते उत्तम शैलगृह नाही असा अभिमानाचा उच्चार तेथल्या लेखात केलेला आहे. कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले आहेत. ह्या स्थळाचे त्या काळचे नाव वलूरक. आणि तेथील एका राजाज्ञेत ह्या प्रांताचा उल्लेख ‘मामाल’ ह्या अर्थाच्या शब्दाने आला आहे. म्हणजे मावळ हे नाव शिवकालाहून दीड हजार वर्षांनी जुने आहे. आपल्या घरच्या नावाची एवढी जुनी नोंद दगडात वाचावयास मिळावी, हे भाग्य फार थोड्या प्रांतांच्या वाट्यास येते.

परंतु ज्या मुद्द्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे तो निराळा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने करजिक हे गाव वलूरकाच्या भिक्षुसंघास दिले, ते पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. वर्षावास म्हणजे बौद्ध भिक्षूंचा पावसाळ्यातील मुक्काम. एरवी फिरावे आणि पावसाचे तीन महिने एका ठायी राहावे, हा त्यांचा नियम. म्हणजे ही लेणी मुख्यत्वे पावसाळ्याची घरे होत. मावळातल्या पावसाने ज्यांस घरात बसविले त्यांच्यासाठी मावळाचा दगड कोरला गेला. त्याच पावसाळ्यात रानातली कित्येक पाखरे घरटी बांधतात. बेडसे येथील एका लहान स्तूपावरच्या लेखात, तो स्तूप ज्या थोर भिक्षूच्या स्मरणार्थ त्याच्या शिष्याने उभारला त्या गोभूतीस, अरण्यवासी असे विशेषण लावलेले आहे. भिक्षान्नावर राहणारा आणि अरण्यात वस्ती करणारा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा मावळकर, ह्या रानातल्या पाखरांचे आवाज आमच्याहून खचित अधिक ओळखीत असला पाहिजे. त्याने त्यांची यादी ठेविली नाही, एवढेच.

आणि त्या काळच्या अरण्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, तोही लेण्याच्या आतच. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छतास लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. छताचा भार त्यांवर मुळीच नाही. लाकडी बांधकामाची जुनी पद्धत दगडात आल्यावरही कारागिरांच्या हातातून ती सुटली नाही, म्हणून त्या बसविल्या. हे सागाचे लाकूड सुमारे दोन हजार वर्षे तेथे आहे. भोवतालचे डोंगर कितीदा तरी बोडके झाले, पुन्हा झुडुपांनी भरले, पुन्हा तुटले. परंतु भूतपालाच्या काळचा साग आजही माथ्यावर आहे. ज्यास जंगलाचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने प्रथम लेण्यात जावे, असे आम्ही म्हणतो ते ह्याच अर्थाने.

लेणी ज्या वाटेमुळे झाली तीच वाट पुढे गडांस कारण झाली. कल्याण आणि चौल ह्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या व्यापारी तांड्यांस बोरघाट हा एक मुख्य मार्ग. तांडे आले म्हणून श्रेष्ठी आले, श्रेष्ठी आले म्हणून दाने आली. आणि त्याच तांड्यांवर व त्याच घाटावर नजर ठेवावयाची म्हणून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे गड उभे राहिले. लोहगडाच्या पूर्वेकडील कड्यातच एक ब्राह्मी लेख अलीकडे वाचला गेला आहे. त्याचा आरंभ जैनांच्या नमस्काराने होतो, आणि ह्याच तालुक्यातील पाले येथील गुहेतल्या लेखाशी त्याचे फार साम्य आहे. म्हणजे किल्ला होण्याच्या कितीतरी अगोदर तोच कडा साधूंचे निवासस्थान होता. शिवछत्रपतींनी १६४८ च्या सुमारास लोहगड घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांस द्यावा लागला. १६७० मध्ये तो परत जिंकला. नाना फडणवीसांनी आपल्या उत्तरकाळी आपला खजिना ठेवण्यास हाच गड निवडला. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून कार्ल्यापर्यंत आली, तेथे त्यांचा कप्तान स्टुअर्ट पडला, आणि वडगावास त्यांस तह करणे भाग पडले. ज्यास आमचे लोक ‘इष्टुर फाकडा’ म्हणून मोठ्या दिलाने आठवितात तो हाच. पुढे एकोणचाळीस वर्षांनी, १८१८ च्या मार्चमध्ये, लेफ्टनंट कर्नल प्रॉथर ह्याने विसापूर घेतला आणि लोहगड फारशा लढाईवाचून पडला. विसापूरची तटबंदी इंग्रजांनी पाडून टाकिली. आज त्या पडक्या तटावर हिवाळ्यात हिमालयाकडून आलेला निळा कस्तूर एकटाच उभा असलेला दिसतो, तो त्या तोफांच्या कामगिरीवरच बसलेला असतो.

ह्या १८१८ नंतरच्या काळातच असा एक पुरुष ह्या मुलुखात हिंडला की ज्याच्या ठायी आपल्या विषयाचे दोन्ही धागे एकत्र आले. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. १७९० मध्ये जन्मलेला हा मनुष्य कंपनीच्या लष्करात अधिकारी म्हणून आला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध लढला. १८२४ साली मुंबई सरकारने त्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिले. गावे, पिके, सारा, वजने-मापे, माणसे ह्यांची मोजदाद करीत तो जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरला, आणि फिरताना त्याने पाखरेही मोजली. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीतील पन्नासाहून अधिक जाती शास्त्राला नवीन होत्या. तळ्याकाठी पुतळ्यासारखा बसणारा आणि उडाला म्हणजे एकदम पांढरा होणारा आपला नेहमीचा ढोकरी बगळा, तोही शास्त्रीय ग्रंथांत आला तो साइक्सच्या यादीतून. आणि विशेष हे की, कार्ल्या-भाज्याच्या कड्यांवर व गडांच्या कमानींत मातीचे वाटीसारखे घरटे बांधणारी जी काळसर रंगाची डोंगरी पाकोळी, तिचे शास्त्रीय वर्णनही प्रथम त्यानेच केले.

साइक्सने दिलेली नावे पाहिली तर त्यांत एक इतिहासच दडलेला आढळतो. आपल्या घारीस त्याने ‘गोविंद’ हे नाव दिले. एका तुरेवाल्या चंडोलास ‘देव’. एका रातव्यास त्याने ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या देशाचा, असे नाव दिले. हेच विशेषण त्यापूर्वी १८०१ साली लेथम नावाच्या शास्त्रज्ञाने एका सुतार पक्ष्यास लाविले होते. १८०१ मध्ये मराठ्यांचे राज्य उभे होते. १८३२ मध्ये ते नामशेष झालेले होते, आणि ते बुडविणाऱ्या लढाईत हजर असलेल्या मनुष्यानेच ते नाव एका पाखराच्या अंगावर पुन्हा कोरले. राज्याची मुद्रा मोडली, परंतु सुताराच्या व रातव्याच्या नावात ती राहिली. तसेच, करड्या रंगाच्या एका थोराड, अखंड कलकलाट करणाऱ्या सातभाईस साइक्सने मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याचे नाव दिले. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० साली खुला केला तो ह्याच माल्कमने. रस्त्याशी त्याचे नाव आज कोणी जोडीत नाही. सातभाईशी मात्र ते कायमचे जडलेले आहे. थोर पुरुषांच्या स्मारकांविषयी अधिक काय सांगावे?

परंतु साइक्स केवळ पाखरांचा संग्राहक असता तर त्याचे नाव आम्ही ह्या लेखात एवढ्या आदराने घेतले नसते. जुन्नरच्या लेण्यांतील कोरीव लेखांच्या नकलाही त्याने करून घेतल्या व त्या ह्याच माल्कमला पत्राने कळविल्या. त्या वेळी ती ब्राह्मी अक्षरे कोणासही वाचता येत नव्हती. लेख छापून प्रसिद्ध झाले ते १८३७ साली, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्याने ती लिपी उलगडली. ज्याचा अर्थ कळत नाही त्याचीही हुबेहूब नोंद करून ठेवावी, कारण पुढे केव्हातरी कोणी ती वाचील, ही जी वृत्ती तीच पक्ष्यांच्या यादीमागे होती व तीच लेखांच्या नकलांमागे होती. साइक्स हा परकीय सत्तेचा नोकर होता, आणि सारा वसूल करण्यास सोयीचे व्हावे म्हणूनच त्याची मोजदाद चालली होती, हे आम्ही विसरत नाही. ज्ञान आणि राज्यलोभ एकाच घोड्यावर बसून आले, ही त्या शतकाची गोष्ट आहे. तथापि पाहण्याची त्याची रीत आपण घेतली तर त्यात कमीपणा नाही.

त्याच्यामागून मात्र ही रीत दुभंगली. लेण्यांचे लेख वाचण्याचे काम बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांच्यासारख्या समर्थ पुरुषांनी हाती घेतले, व १८८१ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांतील लेखांचा त्यांचा ग्रंथ निघाला. दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबईस निसर्गेतिहास संस्था स्थापन झाली, आणि पाखरांचा अभ्यास तिच्या दप्तरात गेला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, ते कागदपत्रांच्या शोधास लागले. तिन्ही संस्थांनी अमोल काम केले आहे; परंतु तिघांच्या वाटा मळवलीच्या स्थानकावर उतरून तीन दिशांस गेल्या. लेण्याच्या अभ्यासकाने वर पाहिले ते छताकडे, पक्ष्यांच्या अभ्यासकाने पाहिले ते झाडाकडे, आणि गडाच्या अभ्यासकाने पाहिले ते बखरीकडे. ह्याला अपवाद झाले नाहीत असे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. परंतु मावळाचे डोंगर त्यांनी पायांखाली घातले, गारगोटीची अश्मयुगीन हत्यारे वेचली, खेड्यापाड्यांच्या देवींचा माग काढला, आणि धेनुकाकट हे गाव कार्ल्याच्याच परिसरात असावे असा तर्क मांडला. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ आहे. तिच्या यात्रेस कोकणातले कोळी लोक वाजतगाजत घाट चढून येतात. तांड्यांची वाट, भिक्षूंची वाट आणि देवीच्या भक्तांची वाट एकच, हे कोसंबींना दिसले, ते त्यांचे पाय जमिनीवर होते म्हणून दिसले.

ह्या विभागणीत सर्वांत अधिक हानी झाली ती अलिखित ज्ञानाची. कातकरी, ठाकर, धनगर, महादेव कोळी ह्या लोकांजवळ पाखरांची, झाडांची, पाण्याच्या टाक्यांची आणि चोरवाटांची जी माहिती होती ती कोणत्याच दप्तरात बसली नाही. इतिहासकारास ती निसर्गाची वाटली आणि निसर्गशास्त्रज्ञास ती लोकवार्तेची वाटली. मारुती चितमपल्ली ह्यांनी पक्ष्यांची देशी नावे जमवून पक्षिकोश केला, माधव गाडगीळ व वर्तक ह्यांनी देवरायांची नोंद घेतली, म्हणून काही तरी हाती लागले. पेरूतल्या त्या आर्तेआगासारखे वाट दाखविणारे आपल्याकडेही गावोगाव होते. त्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

आता प्रश्न असा की, हे सर्व आजच्या वाचकास सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, दुभंगलेल्या दृष्टीचे परिणाम कागदावर राहत नाहीत, ते डोंगरावर दिसू लागतात. गिधाडाचेच उदाहरण घ्यावे. कड्यांवर घरटी करणारे लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या दृश्याचा भागच होते. १९९० नंतर दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत हिंदुस्थानातील तीन जातींची गिधाडे शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसावाटे त्यांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये आपल्या सरकारने त्या औषधाचा गुरांसाठी वापर बंद केला. जटायूची कथा ज्या देशात आजी नातवंडांस सांगते तेथे जटायूचे कुळ उठून गेले, आणि बहुतेकांस ते कळलेही नाही. किल्ल्याचा एक बुरूज ढासळला असता तर वर्तमानपत्रांत लेख आले असते. परंतु ज्या कड्याच्या आधारावर तो बुरूज उभा आहे त्या कड्यावरचे शतकांचे रहिवासी गेले, ही इतिहासाची हानी आहे असे आमच्या इतिहासप्रेमी मंडळींस वाटले नाही.

दुसरे उदाहरण कायद्याचे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी सुधारणा झाली तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आहे व त्यापुढील दोनशे मीटरांत ते नियंत्रित आहे. कायदा चांगला आहे. परंतु तीनशे मीटर म्हणजे भाज्याच्या लेण्यापासून पायथ्याची वस्तीही धड गाठली जात नाही. त्यापलीकडे डोंगर कापला, ओहोळ बुजविला, उतारावर बंगल्यांचे भूखंड पाडले, तरी स्मारक कागदोपत्री सुरक्षितच असते. लेणे दगडाचे असले तरी त्याला अर्थ येतो तो समोरच्या खोऱ्यामुळे. भिक्षूने हा कडा निवडला तो पाणी, रान आणि शांतता पाहून. ती तिन्ही गेली म्हणजे उरते ती नुसती खोली. जागतिक वारशातही हाच भेद दिसतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची नोंद निसर्ग म्हणून झाली, तीत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी आली. मावळ आले नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, तीत लोहगड आला, तो लष्करी स्थापत्य म्हणून. माचू पिच्चूस एका पत्रात जे मिळाले ते आपल्याकडे दोन पत्रांत वाटले गेले, आणि मावळच्या रानाचे नाव दोहोंतही नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात, व ते वाजवी आहेत. पहिला असा की, पाखरे व वटवाघळे ह्यांच्या विष्ठेने शिल्पांची नासाडी होते, झाडांची मुळे तटाचे दगड उकलतात. तेव्हा स्मारक राखावयाचे तर त्यांस हाकलणे प्राप्त आहे. ह्यात तथ्य आहे. तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ काढलाच पाहिजे, आणि भाज्याच्या विहारातील रथारूढ देवतेच्या व हत्तीवरील पुरुषाच्या शिल्पांवर पाखरांची घरटी होऊ देता कामा नये. परंतु शिल्प असलेली भिंत आणि नुसता कडा ह्यांत भेद करता येतो. साफसफाईच्या नावाखाली कड्यावरील प्रत्येक घरटे खरवडणे व माचीवरील प्रत्येक झुडूप जाळणे ह्याला जतन म्हणत नाहीत. कोणती भिंत जपावी आणि कोणती कपार सोडावी हे ठरविण्यास पुरातत्त्वज्ञ व पक्षितज्ज्ञ ह्यांनी एकदा एकत्र बसले पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे.

दुसरा आक्षेप असा की, ह्या भूमीचा निसर्ग तरी शुद्ध कोठे राहिला आहे? खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, त्यासाठी लोणावळा-वळवणची तळी झाली. शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, तरी खोरे बुडालेच. पुढे पवनेवरही धरण आले. हिवाळ्यात ह्या तळ्यांवर बदके व पाणकावळे पाहावयास लोक जातात, ते मनुष्यकृत पाण्यावरच की नाही? होय, मनुष्यकृतच. परंतु म्हणूनच तर इतिहास जाणणे अवश्य आहे. पाणकावळा जेथे पंख वाळवीत बसला आहे तेथे खाली कोणाची खाचरे, कोणाचे देऊळ होते, हे ठाऊक असणाऱ्यास तो पक्षी अधिक खोल अर्थाने दिसतो. ज्यास ते ठाऊक नाही तो पाहतो फार आणि जाणतो थोडे.

पुण्या-मुंबईच्या कुटुंबांस ह्यासाठी पेरूचे तिकीट काढावयास नको. मळवलीस उतरले म्हणजे एका बाजूस कार्ले, दुसऱ्या बाजूस भाजे, आणि भाज्याच्या माथ्यावर लोहगड व विसापूर. बेडश्यास जावयाचे तर कामशेत जवळ. पावसाळ्याच्या सुटीच्या दिवशी लोणावळ्यास जी गर्दी लोटते तीत सामील होऊन फार लाभ नाही. त्या गोंगाटात कस्तुराची शीळ ऐकू येणे नाही. मार्गशीर्षापासून माघापर्यंत परदेशी पाहुणे पक्षी आलेले असतात. फाल्गुनात सावर आणि पांगारा फुलले म्हणजे एकेका झाडावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल ह्यांची पंगत बसते. मुलांच्या हाती एकच वही द्यावी. तिच्या एका पानावर खांबाचे चित्र, दुसऱ्या पानावर पाखराचे; एका पानावर दात्याचे नाव, दुसऱ्यावर गावच्या म्हाताऱ्याने सांगितलेले झाडाचे नाव. वही एक असली म्हणजे मनही एक राहते. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही अनेक वर्षे हेच सांगत आलो आहोत, आणि त्यांपैकी जे इतिहासाचे होते त्यांनी पाखरे ओळखण्यास, व जे शास्त्राचे होते त्यांनी ब्राह्मी अक्षरे लावण्यास फार दिवस घेतले नाहीत.

पेरूत अरण्याने नगर राखले, कारण तेथून माणसेच निघून गेली होती. मावळात तसे होणे नाही, व होऊही नये. येथे दोन हजार वर्षे माणसांची वर्दळ अखंड आहे, आणि तीच ह्या प्रांताची शोभा आहे. म्हणून येथे राखण्याचे काम अरण्यावर सोपवून चालावयाचे नाही, ते माणसांसच करावे लागेल. भूतपालाचे नाव दगडाने जपले, मराठ्यांचे नाव एका रातव्याने जपले. आज जी पाकोळी कार्ल्याच्या कड्यावर मातीचे घरटे लिंपीत आहे तिचे नाव आपल्या मुलांस ठाऊक असावे, आणि ती ज्या कड्यावर बसली आहे तो कोणी कोरला हेही ठाऊक असावे. एवढे ज्या घरात साधेल त्या घरात मावळचा इतिहास सुरक्षित आहे असे आम्ही समजू.